उद्याच्या मुलाची वर्गणी



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे असा पायंडा आहे. यंदा चालकांनी तो मोडून युनियनच्या माणसाला उभे केले, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपाशी संपले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या गेटवर, विडी कारखान्याच्या ओट्यावर, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलाशी. तेव्हा आम्ही आज आपणांस वैद्यकशास्त्र शिकवणार नाही. लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या गाठी हा आजचा विषय आहे खरा. पण नेमके सांगायचे तर, त्या गाठींवर आजच्यापेक्षा चांगले उपचार शोधून काढायला जो पैसा लागतो, तो कोणी आणि का द्यायचा, हा आमचा विषय आहे. वर्गणी गोळा करण्यात आमची तीस वर्षे गेली. निदान तेवढ्या बाबतीत बोलण्याचा अधिकार आम्हाला आहे, असे आम्ही समजतो.

हा प्रश्न आमच्याकडे कसा आला ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनमधल्या एका विडी कामगार बाईचा सात वर्षांचा मुलगा सकाळी उठला की डोके धरून बसे आणि ओकारी करी. ओकून झाले की त्याला बरे वाटे, आणि दप्तर घेऊन तो शाळेत जाई. पोट बिघडले म्हणून औषध झाले, मग पित्तावर झाले, मग चष्मा झाला, मग दृष्टही काढून झाली. यात तीन महिने गेले. पुढे पोर चालताना झोकांड्या खाऊ लागले, तेव्हा कुठे डोक्याची तपासणी झाली आणि लहान मेंदूत गाठ निघाली.

त्या मुलासाठी आम्ही डबा फिरवला. गेटवर, मंडईत, विडी कारखान्याच्या दारात. दोन दिवसांत डबा दोनदा रिकामा करावा लागला. आमचा कामगार गरीब आहे, पण चिक्कू नाही. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, औषधे झाली, आणि मुलगा वाचला. पण वर्षा-दोन वर्षांनी त्याची आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, “भाऊ, पोरगं वाचलं, ही देवाची कृपाच. पण पाढे घडाघडा म्हणायचं, ते आता सातावर अडतं. शाळेत मागं पडलं. हे असंच असायचं का?” आम्ही डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “आज आपल्याजवळ जे उपचार आहेत, त्यांची ही किंमत आहे.” त्या वाक्यातले ‘आज आपल्याजवळ’ हे शब्द आमच्या मनात रुतून बसले. म्हणजे उद्या वेगळे काही असू शकते! मग ते उद्या आणायचे कोणी?

आम्ही वाचायला लागलो. जे समजले नाही ते जाणत्यांना विचारले. कर्करोग हा म्हातारपणाचा किंवा तंबाखूचा रोग अशी आपली समजूत असते. तंबाखूचे पाप आमच्या विडी कामगारांना चांगले ठाऊक आहे. पण मुलांच्या मेंदूतल्या गाठीला बहुतेक वेळा असे काही कारण सापडत नाही. आईने काय खाल्ले, बापाने काय केले, याच्याशी तिचा संबंध जोडता येत नाही. थोड्या मुलांत आनुवंशिक दोष असतो, एवढेच. मुलांच्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल या गाठींचा क्रमांक लागतो.

यातली लहान मेंदूत होणारी जी घातक गाठ, तिला मेड्युलोब्लास्टोमा म्हणतात. अमेरिकेतल्या बेली आणि कुशिंग या डॉक्टरांनी तिला हे नाव दिले ते १९२५ साली. त्या काळी नुसती शस्त्रक्रिया होई, आणि गाठ काढली तरी जवळजवळ सगळी मुले पुढे दगावत. १९५३ साली इंग्लंडात मँचेस्टरच्या डॉ. ईडिथ पॅटरसन यांनी दाखवून दिले की, गाठीच्या जागेपुरते नव्हे, तर सगळ्या मेंदूला आणि पाठीच्या कण्याला किरण दिले तर निम्म्याहून अधिक मुले तीन वर्षे तरी जगतात. केवढा मोठा पल्ला हा! पण वाढत्या मेंदूवर इतके किरण पडले की बुद्धी मंदावते, उंची खुंटते, शरीरातल्या ग्रंथी बिघडतात. पाढे अडतात ते यामुळे. म्हणून १९९० नंतरच्या दशकात डॉक्टरांनी जोडीला औषधे देऊन, कमी धोक्याच्या मुलांत मेंदूवरच्या आणि कण्यावरच्या किरणांची मात्रा सुमारे एक तृतीयांशाने उतरवली, आणि तरीही मुले वाचली. २०१२ च्या सुमारास जगातल्या तज्ज्ञांचे एकमत झाले की, ही एक गाठ नसून चार वेगवेगळ्या जातींच्या गाठी एका नावाखाली वावरत आहेत. एक जात सौम्य, एक फार दुष्ट. सगळ्यांना एकच माप लावणे म्हणजे हेल्परला आणि मॅनेजरला एकाच मापाचे बूट देण्यासारखे आहे.

हे सगळे परदेशातच घडले असे मात्र समजू नका. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात २०० मुले आणि तरुण एका अभ्यासात घेतले. त्यांच्या मेंदूतल्या गाठी सौम्य किंवा मंद गतीच्या होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे किरणोपचार दिले. दुसऱ्याला गाठीच्या आकाराबरहुकूम नेम धरून, आजूबाजूचा चांगला मेंदू वाचवून किरण दिले. मग पाच वर्षे त्यांची बुद्धी आणि ग्रंथी पुन:पुन्हा तपासल्या. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गाठ दोन्ही गटांत सारखीच आटोक्यात राहिली, पण नेम धरून किरण दिलेल्यांची बुद्धी अधिक चांगली टिकली आणि ग्रंथी कमी बिघडल्या. आपल्या परळमध्ये सिद्ध झालेली ही गोष्ट जगाने वाचली. त्याच केंद्राच्या खारघरच्या संस्थेत डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने २०१३ साली एक कसोटी पुढे आणली. मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावरूनही तिने मेड्युलोब्लास्टोमाची जात ओळखता येते. इस्पितळांत असे तुकडे नेहमीच मेणात जपले जातात, म्हणून आपल्याकडे ही कसोटी मोलाची.

संशोधन नेहमीच ‘हो’ म्हणते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. सगळ्यांत सौम्य जातीच्या मुलांना कण्यावर किरण न देता चालेल काय, असा प्रश्न टाटा केंद्रातच तपासला गेला. काही मुलांत रोग परतला, आणि तो अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. मग किरण अजिबात वगळण्याऐवजी मात्रा उतरवून पाहण्याकडे काम वळले. कोणी म्हणेल, पैसा वाया गेला. आम्ही म्हणतो, नाही. त्या अभ्यासामुळे, किरण कुठवर कमी करता येतात त्याची हद्द कळली. ती कळली नसती तर कोणी चांगल्या हेतूने शेकडो मुलांना त्या धोक्यात घातले असते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आजारी मुलासाठी डबा फिरवला की पैसा पडतो, कारण त्या मुलाला चेहरा असतो, नाव असते, रडणारी आई असते. संशोधनासाठी डबा फिरवला की लोक विचारतात, कोणाकरता? ज्या मुलाकरता ते संशोधन आहे ते मूल आज धडधाकट आहे, अंगणात खेळते आहे, कदाचित अजून जन्मलेही नाही. त्याच्या आईला ठाऊक नाही की हा पैसा तिच्याकरता आहे. म्हणून या खात्यात कोणी टाकत नाही.

बाजारावर सोडावे म्हणावे, तर तिथलेही गणित उलटे आहे. औषध काढणारी कंपनी गिऱ्हाइके मोजते. आजार लाखो मोठ्या माणसांचा असेल तर पैसा ओतते. मुलांच्या या गाठी संख्येने थोड्या, त्यांच्या जाती अनेक, आणि आपल्याकडची कुटुंबे गरीब. एक उदाहरण देतो. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग आपणांस माहीत आहेत. त्यांची दोन वर्षांची मुलगी केरेन मेंदूच्या देठात झालेल्या गाठीने जानेवारी १९६२ मध्ये गेली. साडेसात वर्षांनी बाप चंद्रावर उतरला. त्या गाठीवर मात्र अजूनही खात्रीचा इलाज नाही. किरणांनी काही महिने मिळतात. अशा गाठींच्या एका प्रकारावर अमेरिकेत पहिले औषध मंजूर झाले ते ऑगस्ट २०२५ मध्ये, आणि तेही रोग बरा करणारे नव्हे. जागा फार नाजूक आणि अवघड आहे हे कबूल. पण चंद्रही काही जवळ नव्हता!

आमच्या युनियनच्या सभेत आम्ही हा विषय काढला तेव्हा तीन हरकती आल्या. आपल्याही मनात त्या असतील, म्हणून एकेक घेतो.

पहिली हरकत: हे सरकारचे काम आहे. अगदी बरोबर, आणि सरकारकडे मागण्यात आम्ही कधी कसूर केलेली नाही. पण इतिहास काय सांगतो? मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी पुढल्याच वर्षी वारले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे टाटा रुग्णालय उघडले. १९५७ साली ते केंद्र सरकारने आपल्याकडे घेतले, आणि १९६२ पासून ते अणुशक्ती खात्याकडे आहे. म्हणजे आधी कोणीतरी आपल्या पैशाने पाया घातला, मग सरकार पुढे आले. रिकाम्या हाताने मागणाऱ्यापेक्षा स्वत:चा वाटा घालून मागणाऱ्याचे सरकार लवकर ऐकते, हा युनियनचाही अनुभव आहे.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: जे उपचार आज आहेत तेच सगळ्यांना मिळत नाहीत, मग नवे कशाला शोधता? ही हरकत घेणारा माणूस कळवळ्यानेच बोलतो. पण संशोधन म्हणजे नुसते नवे यंत्र आणि महागडे औषध, असे त्याने गृहीत धरले आहे. इंग्लंडात काही डॉक्टरांनी एवढेच शोधले की, मुलांच्या मेंदूतल्या गाठीचे निदान उशिरा का होते. मग २०११ साली त्यांनी लक्षणांची छोटी कार्डे छापून पालकांत आणि डॉक्टरांत वाटली. सकाळची डोकेदुखी आणि वारंवार ओकारी, तोल जाणे, अचानक तिरळेपणा, तान्ह्या मुलाचे डोके प्रमाणाबाहेर वाढणे, असे साधे शब्द त्यावर होते. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत पूर्वी चौदा आठवड्यांच्या आसपास वेळ जाई, तो सातांच्या आत आला. हेही संशोधनच! आमच्या त्या पोराचे तीन महिने आठवा. आपल्या जिल्ह्यात, अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडपर्यंत, आशाताईंच्या हाती असे मराठी कार्ड दिले तर निदान किती लवकर होते, हे मोजायला कोणती प्रयोगशाळा लागते?

आणि दुसरे ऐका. परळच्या ज्या अभ्यासाबद्दल आम्ही बोललो, त्याचा जीव कशात होता? यंत्रात नव्हे. मुले पाच वर्षे परत येत राहिली यात होता. आले नाही ते मूल हिशेबातून गळते, आणि अशी बरीच मुले गळली की अभ्यास लंगडा पडतो. आता नगरहून परळला जायचे तर आळेफाटा, माळशेज घाट, कल्याण असा दिवस मोडतो. दोघांचे भाडे, बुडालेली मजुरी, मुंबईत राहण्याची सोय. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. कर्करोगाच्या मुलांना आईबापांसह ठेवून घेणारी सेंट ज्यूड संस्था २००६ पासून आहे. तरी जागा किती पुरणार? सरकारी योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलते. पण मूल बरे झाल्यावर तिसऱ्या वर्षी त्याला तपासणीला नेणाऱ्या बापाचा बुडालेला रोज कोणत्या योजनेत बसतो? तो रोज हा संशोधनाचाच खर्च आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते तिकीट म्हणजे दान नव्हे. त्या तिकिटावर पुढच्या मुलाचे औषध ठरते. आणि हे काम प्रयोगशाळेतल्या पंडितांना जमणारे नाही. घर शोधणे, तारीख ध्यानात ठेवणे, माणसाला गाडीत बसवून देणे, हे आमच्यासारख्या संघटनेच्या माणसांचेच काम आहे.

तिसरी हरकत: आमच्या रुपयाने काय होणार? याला उत्तर द्यायला आम्हाला फार लांब जावे लागत नाही. याच जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, शेतकऱ्यांचे भाग गोळा करून १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्याचा कारखाना चालेल काय म्हणून लोक तेव्हाही हसलेच असतील. पुढे साखर कारखान्यांनी उसाच्या बिलातून टनामागे थोडे थोडे कापून शाळा आणि कॉलेजे काढली. विडी कामगारांचेच पाहा. १९७६ च्या कायद्याने हजार विड्यांमागे लहानसा उपकर घेतला जाई, आणि त्या पैशांतून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. जी. एस. टी. आला आणि २०१७ साली तो उपकर गेला. ज्या शिष्यवृत्तीने आमच्या विडीवाल्या बायांची पोरे शिकली, ती अशा थेंबाथेंबाची होती.

बाहेरचे उदाहरण हवे तर अमेरिकेतल्या पोलिओचे घ्या. १९३८ साली तिथे लोकांना आवाहन झाले की, प्रत्येकाने एक डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे, राष्ट्राध्यक्षांच्या पत्त्यावर पाठवावे. नाण्यांच्या पाकिटांचा ढीग पडला. त्या निधीतून पांगळ्या मुलांची शुश्रूषाही झाली आणि लसीचा शोधही. १९५४ साली सुमारे अठरा लाख मुलांनी डॉ. साल्क यांच्या लसीच्या चाचणीत भाग घेतला, आणि १२ एप्रिल १९५५ रोजी लस गुणकारी ठरल्याचे जाहीर झाले. पेटी एक होती. तिच्यात आजच्या मुलाचा वाटा होता आणि उद्याच्या मुलाचाही. आम्हाला हेच सुचवायचे आहे.

आणि आपल्या जिल्ह्याचे या कामाशी काही देणेघेणे नाही असेही नाही. डॉ. कमल रणदिवे यांचे नाव आपल्यापैकी कितींनी ऐकले आहे? पुण्याला जन्मलेल्या या बाईंनी डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली काम करून १९४९ साली पीएच. डी. मिळवली. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली आणि कर्करोगाच्या अभ्यासात आयुष्य घातले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. याच बाई पुढे आपल्या अकोले तालुक्यात ‘सत्यनिकेतन’ संस्थेबरोबर आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करायला आल्या. सूक्ष्मदर्शकाखालची पेशी आणि डोंगरातले उपाशी मूल, ही दोन्ही कामे एका बाईने एका आयुष्यात केली. ‘आधी हे की आधी ते’ हा वाद त्यांना पडला नाही. आपणांसही पडू नये.

तर मग करायचे काय? युनियनचा माणूस ठराव मांडल्याशिवाय खाली बसत नाही.

एक. आमच्या युनियनने आजाराच्या फंडाच्या वहीत दोन खाती केली आहेत. एक ‘उपचार’, दुसरे ‘शोध’. दहा रुपये आले की आठ पहिल्यात, दोन दुसऱ्यात. पहिल्या खात्याला आम्ही हात लावलेला नाही, कारण समोरच्या मुलाला वाऱ्यावर सोडून उद्याच्या मुलाची काळजी करणे हे ढोंग होईल. पण दुसरे खातेही कोरे ठेवायचे नाही. पतसंस्था, बचत गट, गणेश मंडळे, साखर कारखाने यांनी आपल्या वहीत अशी एक ओळ वाढवावी.

दोन. त्या ‘शोध’ खात्यातला पहिला खर्च परत तपासणीला जाणाऱ्या मुलांच्या भाड्याचा आणि बुडालेल्या रोजाचा असावा. उरेल ते सरकारमान्य आणि हिशेब देणाऱ्या संशोधन संस्थेलाच, पावती घेऊन द्यावे. चमत्काराची जाहिरात करणाऱ्याला एक पैसाही देऊ नये.

तीन. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. आमच्या नागापूरच्या आणि सुप्याच्या औद्योगिक वसाहतींत ज्या कंपन्यांना हा कायदा लागू आहे, त्यांच्या व्यवस्थापनाला कामगारांनी विचारावे की, त्यातला काही भाग मुलांच्या कर्करोगाच्या संशोधनाला का नाही? बोनसच्या मागणीपत्राखाली ही एक ओळ लिहायला फारशी शाई लागत नाही. तो नफा आमच्या घामाचाही आहे.

बंधुभगिनींनो, संपाचा फंड संप नसताना भरायचा असतो. गेट बंद झाल्यावर वर्गणी मागत फिरणारी युनियन हरते. आम्ही नव्या पोरांना पहिला धडा हाच देतो की, ज्या महिन्यात तुझे सगळे ठीक चालले आहे त्याच महिन्याची वर्गणी खरी. आजारी मुलाला दिलेले पैसे ही माणुसकी आहे, आणि ती आपल्या गावात भरपूर आहे. ज्याला अजून काहीच झालेले नाही, त्या मुलासाठी आज पैसे बाजूला ठेवणे याला मात्र आम्ही संघटना म्हणतो, आणि तिची आपल्याकडे वाण आहे. बाहेर जाताना दारापाशी आमची वही ठेवलेली आहे. तिच्यात दोन रकाने आहेत. पहिला रकाना आपण नेहमीच भरता. आज दुसऱ्यातही काही लिहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.